करंटला खूण नव्हती

माझा उजवा पाय स्टेजच्या पहिल्या पायरीवर होता. डावा अजून खाली. तेवढ्यात सेक्रेटरी बोलले.

"ए मैकसेट. इळी केळगे."

म्हणजे, उतर खाली.

ते पाहुण्यांचं स्वागत करायला माइकसमोर उभे होते. माइक चालू होता. मीच चालू ठेवला होता. त्यामुळं ते वाक्य अख्ख्या हॉलनं ऐकलं. मागं काही ऐकू येत नाही अशी ज्यांची दरवर्षी तक्रार असते, त्या शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा ऐकलं. शब्द न् शब्द स्वच्छ. शिट्टी नाही, घरघर नाही. आवाज छान लागला होता. मीच लावला होता.

दोन-चार लोक हसले. वाईट हसू नव्हतं ते. मांडवात कुत्रं शिरलं की हसतात, तसं.

मी पाय खाली घेतला.

बंगळुरात लाउडस्पीकर, खोकी, वायरी या सगळ्या सामानाला मैकसेट म्हणतात. ते सामान चालवणाऱ्या माणसालाही मैकसेटच. सामान कुठलं आणि माणूस कुठला, हा फरक करायची कुणाला गरज वाटली नाही. मलाही नाव आहे. त्या सभेत, म्हणजे त्या गाण्याच्या मंडळात, ते एकाच माणसाला ठाऊक होतं. मूर्ती सरांना. त्यांच्याबद्दल सांगायलाच हे लिहितोय. लिहायला उशीर झालाय. तोंडानं सांगायचं तर मला जमत नाही.

आम्ही चामराजपेटेतले. आमचा बाप निपाणीकडून आला. हलगी वाजवायचा. एवढं सांगितलं की आमच्याकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. इथं आल्यावर तो एका मैकसेटच्या दुकानात लागला. जत्रेत, लग्नात भोंगे बांधायला तो नारळाच्या झाडावर सरसर चढायचा. देवळात आरती चालू असली की भोंगा बाहेर, बाप बाहेर, आवाज आत. तो म्हणायचा, "आपला आवाज आत जातोय न्हवं? मग आपण कशाला जायाचं?" हे तो हसत म्हणायचा. मी मोठा झालो तसं मला ते हसू सोसेना. पण त्याचं वाक्य मात्र मी आयुष्यभर पाळलं.

त्या सभेत दरवर्षी नवरात्रात गाण्याचे कार्यक्रम होतात. आवाजाचं काम माझ्याकडं. तिथं एक रीत आहे. समई लागली की स्टेज मडीत. मडी म्हणजे आपलं सोवळं. मग वर कलाकार, कमिटीतली माणसं आणि त्यांची घरची. बाकी कुणी नाही. हे कुठं लिहिलेलं नाही. मला कुणी समजावूनही सांगितलेलं नाही. दुपारी मी वर जायचो, माइक लावायचो, वायरी टाकायचो. मी उतरलो की बायका तिथं पाणी शिंपडून रांगोळी काढायच्या. धूळ बसावी म्हणून शिंपडतात, असं मी समजायचो. समजायचो म्हणजे, तसं समजायचं मी ठरवलं होतं.

पण गाणं काही दुपारच्या माइकवर चालत नाही. एक कलाकार उठतो, दुसरा बसतो. कुणी उंच, कुणी बुटका. मृदंग आला की माइक खाली, बासरी आली की वर. समई लागल्यावर हे कुणी करायचं? मूर्ती सरांनी. बँकेतून रिटायर झालेले, सभेतले सगळ्यात जुने स्वयंसेवक. मी हॉलच्या मध्ये माझ्या मिक्सरपाशी उभा राहून हातानं खुणा करायचो आणि ते वर माइक हलवायचे. तळवा खाली, म्हणजे माइक खाली. तळवा वर, म्हणजे वर. दोन बोटं जवळ आणली की वाद्याच्या जवळ. आणि मूठ मिटून दाखवली की झालं, बरोबर आहे.

वर्षानुवर्षं हे चाललं. आमचा हात बसला होता. मी बोट उचलायच्या आधी त्यांना कळायचं. हॉलमध्ये आले की ते माझ्या टेबलापाशी येऊन म्हणायचे, "एनप्पा, आमचा ट्रॅफिक पोलीस आला का?" एनप्पा म्हणजे काय रे बाबा. मी म्हणायचो, "आला सार. तुम्ही सिग्नल तोडू नका." मग ते हसायचे. मला ते आवडायचे. खोटं कशाला सांगू, मला त्या खुणांचा अभिमान होता. लोक वळून बघायचे. मला वाटायचं, हे आमचं कसब आहे.

त्या वर्षी कार्यक्रमाच्या कार्डावर एक नवीन ओळ होती. सेक्रेटरींचा पुतण्या परदेशात आवाजाचा कोर्स करून आला होता. इंदिरानगरला त्याचा स्टुडिओ. कार्यक्रम अमेरिकेतल्या नातेवाइकांना घरबसल्या बघता यावा म्हणून तो लॅपटॉप घेऊन बसणार होता. कार्डावर त्याचं नाव, आणि नावाखाली: प्रोफेशनल ऑडिओ इंजिनियर. माझं नाव कार्डावर कधीच नव्हतं. तंबूवाल्याचं, फुलवाल्याचं तरी कुठं असतं.

पोरगा वाईट नव्हता. मला अंकल म्हणायचा. काम येत होतं त्याला. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर वाटेल मी त्याच्यावर जळत होतो. जळत होतोच. समई लागल्यावर तो मोजे घालून स्टेजवर जायचा, हवा तिथं उभा राहायचा, आमचे माइक हातात घेऊन बघायचा, खाली यायचा. त्याला कोण इळी म्हणणार.

त्या दिवशी वीणा वाजवणाऱ्या अम्मा उशिरा आल्या. समई लागून गेली होती. त्यांच्याबरोबर वीणेला जोडायचा त्यांचा स्वतःचा छोटा अँप्लिफायर होता. पत्र्याचा जुना डबा, वर पत्र्याचीच कडी. कमिटीतल्या कुणीतरी तो स्टेजवरच्या बोर्डात लावला. लावल्याबरोबर माझ्या स्पीकरमधून हम यायला लागला. डब्यात मधमाशी कोंडल्यासारखा घूं आवाज, त्याला आमच्यात हम म्हणतात. तो शंभर कारणांनी येतो. पण असा, या जातीचा, मला माहीत होता. अर्थिंग नव्हतं. डब्याला दोन पिनांचा प्लग असणार आणि पत्र्यात करंट उतरत असणार. असणार म्हणतो, कारण बघितल्याशिवाय सांगता येत नाही. बघायला वर जावं लागतं.

म्हणून पाय पायरीवर ठेवला होता.

इळी केळगे.

मी टेबलापाशी परत आलो. पुतण्यानं हेडफोन काढून विचारलं, "अंकल, हम येतोय ना?" मी म्हटलं, "येतोय." तो म्हणाला, "मी माझ्याकडं फिल्टर लावतो." त्यानं लावला. अमेरिकेत हम गेला.

इथं मी त्याला सांगू शकत होतो. बाबा रे, वर जा, तो प्लग काढ, पत्र्यात करंट आहे. तो गेला असता. लगेच गेला असता. मोजे घालून.

नाही सांगितलं.

कार्डावर इंजिनियर तो आहे ना. मग कळू दे त्याला. असं माझ्या मनात आलं. हेच शब्द. आजवर हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

आणि मग मी माझ्या मिक्सरवरचा बेसचा नॉब उलटा फिरवला. हम बारीक झाला. आणखी फिरवला. गेला. हॉल शांत झाला. सेक्रेटरींनी माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे बरोबर, आता कसं. हम गेला नव्हता. मी तो दाबला होता. करंट होता तिथंच होता, वर, पत्र्यात. फक्त आता तो कुणाला ऐकू येत नव्हता. मलाही नाही.

वीणा सुरू झाली. अम्मांचा हात चांगला होता. पहिला राग संपला तेव्हा त्यांनी माइक स्वल्प जवळ ओढायला हात लावला आणि झटकन मागं घेतला. बोटं चोळली. हसल्या. लोकांना वाटलं, बाई संकोचल्या. मला कळलं.

त्यांनी मूर्ती सरांना बोलावलं. माइक जवळ हवा होता आणि डबा थोडा मागं. सर उठले. ते येताना मी बघत होतो. धोतर सावरत, वाकत, नेहमीसारखे. बसायच्या आधी त्यांनी माझ्याकडं बघितलं. नेहमीसारखं. काय करू, विचारायला.

मी दोन्ही हात वर केले. नको म्हणून हलवले. हात लावू नका. मागं व्हा. सोडा. करंट आहे.

करंटला आमच्यात खूण नव्हती.

इतक्या वर्षांत लागलीच नव्हती. वर, खाली, जवळ, झालं. एवढीच आमची भाषा. ओरडायचं सुचलंच नाही; समई लागल्यावर मी वर कधी हाक मारली नव्हती. माझे हात हलताना बघून त्यांना वाटलं, मी माइक हलवा म्हणतोय. माझ्या हातांनी त्यांच्याकडं दुसरं कधी काय मागितलं होतं? त्यांनी मान डोलावली. एका हातानं डब्याची कडी धरली, दुसऱ्या हातानं माइकचा स्टँड.

मग ते सोडेनात.

सोडता येत नाही. करंट धरून ठेवतो माणसाला. त्यांचं तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. माइक त्यांच्या हातात होता आणि माझ्या स्पीकरमधून फक्त फटफट येत होती. मी अजून हात हलवत होतो. लोक उठले. पुतण्या धावला. कुणीतरी स्टेजमागचा मेन स्विच पाडला. अंधार झाला आणि अंधारात ते स्टेजच्या कडेवरून खाली पडल्याचा आवाज आला. तो स्पीकरशिवाय आला.

त्या रात्री दवाखान्यातून घरी जाताना म्हैसूर रोडवर सिग्नलला थांबलो तेव्हा मला दिसलं. त्या माइकची वायर माझ्या टेबलावर, माझ्या मिक्सरमध्ये होती. माझ्या पोटाशी. डब्यातला करंट सरांच्या अंगातून त्याच वायरीत उतरत होता; ती मी उपसली असती तरी त्याची वाट तुटली असती. त्यांचा हात सुटला असता. वर चढायची गरजच नव्हती. हे मला माहीत होतं. या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. पण माझे हात मोकळे नव्हते. माझे हात खुणा करत होते.

ते वाचले. उजवा हात भाजला, आतपर्यंत. खुबा मोडला.

दवाखान्यात खूप माणसं होती. मी जिन्यापाशी उभा होतो. सेक्रेटरींनी मला हात करून जवळ बोलावलं. शेजारी सरांची मुलगी होती, माझ्याच वयाची. सेक्रेटरी तिला म्हणाले, "हे आमचे प्रोफेशनल ऑडिओ इंजिनियर. साउंडचं सगळं यांच्याकडं होतं. जबाबदारी यांची."

हे. यांच्याकडं. यांची.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं. पुतण्या तिथंच होता. तो खाली बघत होता. कार्डावरचा तो शब्द त्याच्या नावाखालून निघून माझ्या नावाखाली आला होता, आणि यायला एका माणसाचा हात जावा लागला. मी ओरडायला हवं होतं. सकाळपर्यंत मैकसेट होतो, संध्याकाळी इळी होतो, आता इंजिनियर कसा?

सरांची मुलगी माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हीच का ते? अप्पा घरी आम्हाला तुमच्या खुणा करून दाखवतात."

मी मान हलवली. हो, मीच. इंजिनियर आहे असं मी कबूल केलं. ज्या दिवशी नव्हतो, नेमकं त्याच दिवशी.

सभेत मग तेच पक्कं झालं. अर्थिंग बघायचं काम इंजिनियरचं. इंजिनियरनं बघितलं नाही. यात खोटं काय आहे, सांगा. मी बघितलं नाही हे खरंच आहे. इळी केळगे कुणाला आठवत नव्हतं. सगळ्या हॉलनं ऐकलं होतं, तरी कुणालाच आठवत नव्हतं. एकदोघांना मी विचारलं. ते म्हणाले, "असं म्हणाले का? लक्ष नव्हतं बघा."

सरांना घरी आणल्यावर मी गेलो. जावं की न जावं यात बरेच दिवस गेले. दारात उंबऱ्याशी थांबलो. सवय. मुलगी म्हणाली, "आत या की."

ते पलंगावर होते. उजवा हात उशीवर ठेवलेला. बोटं अर्धी वाकलेली, पूर्ण मिटत नव्हती. मूठ होत नव्हती.

"एनप्पा, ट्रॅफिक पोलीस," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "त्या दिवशी तू काय सांगत होतास? मला कळलंच नाही."

"सोडा म्हणत होतो, सार. हात लावू नका म्हणत होतो."

"त्याची खूण काय?"

"नव्हती, सार."

ते थोडा वेळ विचार करत राहिले. जणू ती खूण आता ठरवून ठेवावी, तसे. मग म्हणाले, "मग तू वर यायचंस."

"दिवा लागला होता, सार."

ते वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत राहिले.

"ते खरं," म्हणाले.

बस. एवढंच. त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. पण ते खरं होतं, त्यांच्यासाठीही. इतकी वर्षं ते वर, मी खाली, मध्ये खुणा. आम्हाला दोघांनाही त्यात मजा वाटत होती. त्यांच्या मनात एकदाही आलं नाही की म्हणावं, अरे, तूच ये की वर. माझ्याही मनात एकदाही आलं नाही की विचारावं, का नको. ज्याला आम्ही कसब म्हणत होतो, ती शिवाशिव होती. हातवारे करून पाळलेली. मी तर ती माझ्या हातांनी पाळली. दुसऱ्या कुणाच्या नाही.

मग मी त्यांना बाकीचं सांगितलं. हम दाबला ते. पोराला मुद्दाम सांगितलं नाही ते. टेबलावरच्या वायरीचं. सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मुलीनं कॉफी आणली होती, ती निवली. माफ केलं का, ठाऊक नाही. मी मागितली नाही. ती काय मागायची गोष्ट आहे.

पुढच्या नवरात्राआधी सेक्रेटरींचा फोन आला. अहो-जाहो चालूच होतं.

"यंदा कार्डावर तुमचं नाव घालतो. खाली प्रोफेशनल ऑडिओ इंजिनियर. सरी ना?"

खोटं बोलत नाही. ते अक्षर बघायची भूक होती. बापानं झाडावर चढून चढून जे मिळवलं नाही, ते फोनवर मिळत होतं.

मी विचारलं, "वर माइक कोण लावणार, सार?"

"मूर्तींच्या जागी नवीन माणूस देतो. तुम्ही त्याला त्या खुणा शिकवा."

खुणा शिकवा.

त्यांना वाटलं, लाइन गेली. "हलो? हलो?"

"मी वर येणार, सार," मी म्हटलं. "दिवा लागल्यावर. प्लग बघणार, माइक लावणार, लागेल तितक्यांदा वर येणार."

"अहो, असं कसं? इतकी वर्षं चाललंच ना? स्वल्प अड्जस्ट माडी, जरा जुळवून घ्या."

"आगल्ल, सार."

आगल्ल. होणार नाही. या शहरात जन्मलो, कन्नड बोलत वाढलो, पण हा शब्द त्या माणसाला मी पहिल्यांदा म्हणालो. शब्द मात्र सरळ निघाला.

त्या सभेचं काम गेलं. मग दुसऱ्या दोन सभांचं गेलं. ही माणसं एकमेकांना सांगतात. माझं काही चालत नाही त्यांच्यापुढं, हे मला कळतं. तिथं आता दुसरा कुणीतरी मैकसेट आहे, आणि तो खाली उभा राहून हात हलवत असणार. त्याला जाऊन सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अण्णा, तुम्हाला परवडतं." परवडत नाही. त्याला काय सांगू.

आता देवनहळ्ळीकडं नवीन लेआउटची, म्हणजे प्लॉटच्या वसाहतींची उद्घाटनं असतात, शाळांची गॅदरिंग असतात, तिथं जातो. तिथंही पूजा असते, तिथंही दिवा लागतो. आणि तिथंही कुणीतरी असतोच, माझ्याकडं बघून आधी आडनाव विचारणारा. मी सांगतो. मग चप्पल काढतो आणि वर जातो. एकेक प्लग हातात घेऊन बघतो. कुणी इळी म्हटलं तर उतरतो, आणि उतरल्यावर माझ्या सगळ्या वायरी उपसून घेतो. दोनदा असं झालंय. दोन्ही वेळा लोक माइकशिवाय बोलले. मागच्यांना काही ऐकू आलं नाही.

इंजिनियर कुणाला म्हणायचं, ते कार्ड छापणाऱ्यांनी बघावं. मला एवढं कळलंय की त्या संध्याकाळी मी इंजिनियर नव्हतो. कोर्स नव्हता म्हणून नाही. उतर म्हटल्यावर उतरलो, आणि वर जे होतं ते खालून दाबलं, म्हणून.

ज्या स्टेजवर माझा पाय चालत नाही, तिथं माझा माइक चालणार नाही. आणि हम आला तर मी तो आता दाबणार नाही. येऊ दे मोठ्यानं. पहिल्या रांगेत बसलेल्यांचे कान फुटेपर्यंत येऊ दे.